हौसेचे अंदाजपत्रक

गृहस्थाश्रमी मनुष्याच्या जमाखर्चात छंदावरचा खर्च छंदाच्या नावे कधीच मांडला जात नाही. चित्रकलेची हौस असणारा रंगपेटी मुलांच्या नावावर खर्ची टाकतो, बागेची हौस असणारा कुदळ-फावडे भाजीपाल्याच्या बचतीखाली दाखवतो. आणि ज्याला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद लागला आहे असा सद्गृहस्थ तर सोल्डरिंग आयर्न व मल्टीमीटर या दोन आयुधांची मागणी घरच्या मंजुरीसाठी सादर करताना, हा मुळी खर्च नसून भावी खर्चाविरुद्ध उभारलेली तटबंदी आहे, असे प्रतिपादन इतक्या गांभीर्याने करतो की, आजवर ही आयुधे न घेऊन आपणच उधळपट्टी करीत आलो की काय, अशी शंका ऐकणाऱ्याला क्षणभर चाटून जाते. इस्त्री बिघडली, रेडिओ मुका झाला, रिमोटने मान टाकली की दुरुस्तीवाल्याच्या हातावर दोन-तीनशे रुपये ठेवावे लागतात. तेवढ्यात आयर्न येते. पुढे जन्मभर दुरुस्ती फुकट. अर्जदाराच्या मनात अर्थातच इस्त्री नसते. त्याला 555 या क्रमांकाच्या आठ पायांच्या चिपवर एक लाल दिवा लुकलुकवायचा असतो. घरच्या वरिष्ठ न्यायालयाला हे पूर्ण ठाऊक असते, तरीही अर्ज मंजूर होतो, फक्त मंजुरीच्या खाली एक शेरा पडतो, "आण, पण स्वस्तातलं आण." प्रस्तुत लेखाचा विषय हा शेराच आहे.

स्वस्तातले आणायचे म्हणजे कोठून, हा प्रश्न पुणेकराला पडत नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे. मुंबईकरालाही तो पडू नये. ग्रँट रोड स्टेशनापासून जवळच लॅमिंग्टन रोड आहे, ज्याला सरकारी दप्तरात डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात आणि दप्तराबाहेर कोणी म्हणत नाही. लॉर्ड लॅमिंग्टन 1903 ते 1907 या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते; त्यांचे राज्य गेले, सनदा गेल्या, पण कपॅसिटर विकत घेणाऱ्यांच्या जिभेवरची त्यांची जहागीर अद्याप खालसा झालेली नाही. या दोन्ही ठिकाणी काउंटरपलीकडच्या माणसाशी होणारा संवाद ज्ञानवर्धक असतो.

"काका, साधं दाखवू का चांगलं?"

"दोन्हींत फरक काय?"

"चांगलं आहे ते चांगलं चालतं."

"आणि साधं?"

"तेही चांगलंच चालतं की! वाईट माल आपण ठेवतच नाही."

या उत्तराने ज्याचे समाधान होत नाही तो जाणकार मित्रांकडे जातो, आणि तेथे त्याला दोन संप्रदाय आढळतात. पहिल्या संप्रदायाचे मत असे की, आरंभी अगदी हलक्यातले घ्यावे, ते मोडेपर्यंत वापरावे, आणि मोडले म्हणजे आपल्याला काय हवे होते ते आपोआप कळते. या मताच्या अनुयायाच्या खणात मोडलेली चार आयर्न असतात आणि पाचवे, तितक्याच हलक्यातले, तो नुकतेच घेऊन आलेला असतो. दुसऱ्या संप्रदायाचे मत असे की, एकदाच काय ते उत्तम घ्यावे आणि निश्चिंत व्हावे. या मताच्या अनुयायाचे उत्तम आयर्न मूळ खोक्यात, मूळ प्लास्टिकच्या पिशवीसह, निश्चिंत पडलेले असते, कारण एवढ्या किमतीच्या वस्तूने जोडण्याच्या योग्यतेचे असे काही त्याच्या हातून अजून निर्माण झालेले नसते. आपल्या समोरच्या गृहस्थापुढे काम किती आहे, कोणते आहे आणि विजेच्या कोणत्या दाबावर आहे, हे विचारण्याची तसदी मात्र दोन्ही संप्रदाय घेत नाहीत.

आधी आयर्नचा विचार करू. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हौशी मंडळींचा श्रीगणेशा 25 वॅटच्या साध्या आयर्नने झाला आहे. आत अभ्रकावर गुंडाळलेली नायक्रोमची तार, पुढे बिट, मागे मूठ, आणि त्यामागे दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूला शोभेल एवढीच लांब वायर. या यंत्रात नियंत्रण असे काही नसते. प्लग लावला की ते तापत जाते, आणि जेवढी उष्णता आत येते तेवढीच बाहेर जाऊ लागली म्हणजे थांबते. परिणामी, नुसते स्टँडवर पडलेले असताना ते बिट काळे पडेपर्यंत तापते, आणि जाड तारेचे खरे काम समोर आले की तेवढ्यात गार पडते. रिकामपणी रग आणि कामाच्या वेळी थंडाई, हा स्वभाव सरकारी कचेरीत ज्याने एखादा दाखला मागितला आहे त्याला नवा वाटणार नाही.

कमी वॅटचे आयर्न नाजूक कामाला सौम्य असते, हा आपल्या हौशी जगतातला एक दृढमूल गैरसमज. "पंधरा वॅटचं घ्या, ट्रान्झिस्टर जळणार नाही," असा सल्ला वडीलधाऱ्या सुरात दिला जातो. वास्तविक घडते उलटेच. अशक्त आयर्न सांध्यावर टेकवले की डाख वितळेना म्हणून ते तेथेच धरून बसावे लागते. पाच सेकंद, दहा सेकंद, पंधरा सेकंद. आणि तेवढ्या अवकाशात सगळी उष्णता पायातून चढत चढत ट्रान्झिस्टरच्या पोटात जाते. सशक्त आणि तापमान आवरून धरणारे आयर्न साडेतीनशे अंशांवर असले तरी दोन-तीन सेकंदांत काम उरकून बाजूला होते. दुर्बळाची अहिंसा सबळाच्या हिंसेपेक्षा प्राणघातक ठरण्याचे इतके स्वच्छ उदाहरण नीतिशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचितच सापडावे.

बिटाची कथा याहून करुण आहे. पूर्वीची बिटे निव्वळ तांब्याची असत, आणि वितळलेल्या डाखातले कथील तांबे हळूहळू खात असे; म्हणून दर काही दिवसांनी कानस घेऊन बिटाचे टोक नव्याने घासणे हे नित्यकर्म होते. बिटाची ही झीज रोखण्यासाठी मल्टिकोअर या ब्रिटिश कंपनीने तर 'सेव्हबिट' नावाच्या डाखात आधीच थोडे तांबे घालून ठेवले होते, म्हणजे त्याची तांब्याची भूक घरूनच भागून यावी! आजच्या बऱ्या बिटांना तांब्यावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो, आणि त्यांचे सगळे आयुष्य त्या मुलाम्यात असते. परंतु संस्कार बलवत्तर. नवे बिट आणले, चार दिवसांत थोडे काळवंडले, की जुन्या वळणाचा गृहस्थ कानस काढतो, दोन हात चालवतो, टोक लखलखते, तो समाधानाने मान डोलावतो, आणि दुसऱ्याच दिवसापासून त्या बिटाला उघड्या पडलेल्या जागी खड्डा पडू लागतो. वास्तविक त्याने ओल्या स्पंजवर किंवा पितळी चोथ्यावर बिट पुसावे आणि ठेवताना टोकावर डाखाचा एक थेंब राहू द्यावा, एवढ्याने भागते. गल्लीत बसून पातेल्याला कल्हई करणारा माणूसही दुसरे काय करीत असे? नवसागर मारून धातू स्वच्छ केला आणि कथील फिरवले. सर्किटवर नवसागराचे काम राळ करते आणि ती डाखाच्या तारेच्या पोटातच भरलेली असते. तेव्हा नळजोडणीची आम्लयुक्त पेस्ट तेथे चोपडू नये, कारण तिचा उरलेला अंश सांधा जोडल्यानंतरही स्वच्छतेचे काम चालू ठेवतो, आणि काही महिन्यांत तांब्याची रेघच स्वच्छ करून टाकतो.

बिटाच्या आकाराबाबतही हाच न्याय. दुकानात दहा आकार मांडले की हौशी माणसाचा हात सुईसारख्या अणकुचीदार टोकाकडे जातो, कारण सूक्ष्म कामाला सूक्ष्म टोक, असे त्याला वाटते. सुईच्या अग्रावरून उष्णता जाणार किती? छिन्नीच्या तोंडाचे, दोन-अडीच मिलिमीटर रुंदीचे बिट घेतले तर सर्किटावरची पट्टी आणि घटकाचा पाय या दोहोंना एकाच वेळी टेकते. दोन्ही तापली की तार बिटाला न लावता सांध्याला लावायची. ती वितळून पायाभोवती आपणहून पसरते आणि चकचकीत, किंचित खोलगट उतार धरून बसते. येथे हात हलला, किंवा पट्टी न तापवता वरून नुसता गोळा चिकटवला, की जो सांधा होतो त्याला कारागीर मंडळी ड्राय सोल्डर म्हणतात. तो दिसायला जोडलेला असतो आणि वागायला तुटलेला. यंत्राला टिचकी मारली की गाणे लागते, दुसरी टिचकी मारली की बंद पडते.

हे टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आयर्नमध्ये नसून तारेत आहे, आणि अंदाजपत्रकात नेमकी हीच बाब कोणी धरत नाही. 63 भाग कथील आणि 37 भाग शिसे हे प्रमाण असले तर मिश्रधातू 183 अंशांवर एकदम वितळतो आणि त्याच अंशावर एकदम थिजतो. प्रमाण 60 आणि 40 झाले की 183 पासून सुमारे 190 अंशांपर्यंत तो चिखलासारख्या मधल्या अवस्थेत रेंगाळतो, आणि हात हलण्याची हौस नेमकी त्याच मुहूर्तावर येते. युरोपात जुलै 2006 पासून कायद्याने विद्युत उपकरणांत शिशाला मज्जाव झाला, तेव्हापासून चांदी-तांबे घातलेल्या बिनशिशाच्या तारा प्रचारात आल्या. त्या 217 अंशांच्या पुढे वितळतात आणि नवशिक्याच्या संयमाची परीक्षा पाहतात. परंतु ज्या रिळावर प्रमाणाचा आकडाच नाही, फक्त 'बेस्ट क्वालिटी' एवढीच ग्वाही आहे, ते रीळ वीस-तीस रुपये वाचवण्यासाठी घेणारा मनुष्य पुढे तीन रविवार ते रुपये शोधण्यात घालवतो. जाता जाता एक खुलासा: सोल्डर करताना नाकात जातो तो धूर राळेचा, शिशाचा नव्हे, शिसे उकळायला सतराशेहून अधिक अंश लागतात. राळेचा धूरही हुंगण्याजोगा नसल्याने खिडकी उघडी ठेवावी. शिसे पोटात जाते ते बोटांच्या मार्गे. म्हणून "भजी गार होतायत, आधी खाऊन घ्या" अशी हाक आली तर हात धुऊनच ताटावर बसावे.

ज्याला 25 वॅटच्या पलीकडे जायचे आहे त्याच्यासाठी बाजारात तापमानाची कळ असलेली 'स्टेशने' आहेत. त्यांतले बहुसंख्य हे जपानच्या हाक्को कंपनीच्या 936 या मॉडेलचे मानसपुत्र. मूळ कंपनीने ते मॉडेल केव्हाच बंद केले. परंतु मूळ पुरुष सेवानिवृत्त झाल्याने वंशविस्तारात काडीचाही फरक पडलेला नाही. एक फायदा निश्चित, की बिटे सर्वत्र मिळतात आणि स्वस्त मिळतात. मात्र आणल्याबरोबर एक तपासणी करावी: प्लगची अर्थिंगची जाड पिन आणि बिटाचे टोक यांत जोडणी आहे की नाही ते मल्टीमीटरने पाहावे, कारण काही नकलांत ती पिन केवळ शोभेसाठी दिलेली असते. नव्या मीटरचे पहिले काम नव्या आयर्नचा पंचनामा करणे हेच असावे, हे उचितच होय.

आता मीटर. लंडनच्या सरकारी टपाल खात्यात डोनाल्ड मॅकेडी नावाचे एक अभियंते होते; टेलिफोनच्या तारा तपासायला जाताना विद्युतप्रवाह मोजायला एक, दाब मोजायला दुसरे आणि रोध मोजायला तिसरे, अशी यंत्रे वाहून त्यांना उबग आला, आणि त्या उबगातून तिन्ही कामे एका पेटीत करणारा 'एव्हो' मीटर निघून 1923 साली विक्रीला आला. मल्टीमीटरचा जन्म असा ओझ्याच्या कंटाळ्यातून झाला. आजचा हौशी मनुष्य या पूर्वजाचे ऋण फेडतो ते तीन मीटर बाळगून: एक स्वस्त, एक बरा, आणि एक या दोघांपैकी खरे कोण बोलते ते ठरवण्यासाठी.

मीटर निवडताना त्याची सगळी बुद्धी अचूकतेवर खर्च होते. याची अचूकता अर्धा टक्का, त्याची आठ दशांश. याच्या पडद्यावर 1999 पर्यंत मोजणी, त्याच्या 5999 पर्यंत. असे तक्ते तो वहीत मांडतो, रात्री उठून दुरुस्त करतो. आणि या सूक्ष्म न्यायाधीशासमोर तो जे आरोपी उभे करणार, त्यांची लायकी काय? ज्या रेझिस्टरवर सोनेरी पट्टा आहे त्याला पाच टक्क्यांची सनद जन्मतःच मिळालेली असते. 1000 ओहमचा म्हणवणारा 950 निघाला तरी तो आपल्या हक्कातच आहे. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरला वीस टक्के इकडे-तिकडे माफ. आणि ज्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरवर 9 व्होल्ट लिहिले आहे तो भार नसताना बारा-तेरा व्होल्ट देऊन मोकळा होतो. अशा मंडळींत अर्धा टक्का आणि आठ दशांश टक्का यांमधील भेद पाहणे म्हणजे निव्वळ तत्त्वज्ञान आहे.

जो पाहायला हवा होता तो भेद निराळाच. दोन-अडीचशे रुपयांत मिळणारा, 830 या क्रमांकाच्या घराण्यातला पिवळा किंवा काळा मीटर घ्या. बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी तो बेधडक घ्यावा. नऊ व्होल्टचे सर्किट त्याने आनंदाने मोजावे. एकच गोष्ट ध्यानात धरावी, की पोटातली बॅटरी उतरत आली की हा मीटर जास्त आकडे दाखवू लागतो. स्वतः उपाशी असताना जगात सुबत्ता पाहणारे दुसरे यंत्र माझ्या माहितीत नाही. परंतु त्याच्या तोंडावर तीन भोके असतात, आणि त्यांतल्या दहा अँपिअरच्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत, फ्यूज नाही, असे इंग्रजीत प्रांजळपणे छापलेले असते. लाल प्रोब त्या भोकात विसरून राहिला आणि गृहस्थाने 'जरा पाहू तर, किती येतात' म्हणून दोन्ही टोके भिंतीच्या प्लगमध्ये घातली, तर मीटर दाब मोजत नाही. तो 230 व्होल्टच्या दोन तारा एकमेकींना जोडणारा एक जाड तारेचा तुकडा होतो. त्यानंतर जे काही होते ते मोजण्यापलीकडचे असते. बऱ्या मीटरमध्ये याच भोकामागे वाळू भरलेला चिनी मातीचा फ्यूज बसवलेला असतो, आणि तो शांतपणे बळी जातो. तोंडावर 'कॅट तीन, 1000 व्होल्ट' अशी सुरक्षिततेची श्रेणी छापण्याचा खर्च शाईपुरताच आहे. तो फ्यूज बसवण्याचा खर्च मात्र खराच येतो, आणि म्हणून स्वस्त मालात पहिली गोष्ट नेहमी असते व दुसरी बहुधा नसते.

मीटर बाहेरून कसा दिसतो यालाही किंमत आहे, याचा निकाल अमेरिकन जकात खात्याने 2014 साली दिला. कोलोरॅडोतील स्पार्कफन या कंपनीने पंधरा डॉलरचे दोन हजार मल्टीमीटर मागवले. त्यांचे अंग काळसर आणि कड पिवळी होती. ही रंगसंगती फ्लूक या मातबर कंपनीच्या नावे नोंदलेली असल्याने जकात अधिकाऱ्यांनी सगळा माल अडकवला. त्या पंधरा डॉलरच्या वस्तूला कोणी फ्लूक समजून घेईल, ही शंका फ्लूकला कितपत मानाची होती, हा प्रश्न अलाहिदा. पण बोभाटा झाल्यावर फ्लूकनेच अडकलेल्या मालाच्या किमतीहून अधिक किमतीची आपली उपकरणे स्पार्कफनला देऊ केली आणि प्रकरण मिटवले. तपकीर गल्लीत असा कायदा लागू झाला तर शिलकीत बहुधा फक्त लाल मीटर उरतील.

तेव्हा अंदाजपत्रकाची फेरमांडणी अशी करावी. आयर्न मध्यम घ्यावे, बिट रुंद घ्यावे, तारेत काटकसर करू नये, आणि मीटरमध्ये तिसऱ्या दशांशाची चैन सोडून फ्यूज, जाड इन्सुलेशनचे प्रोब आणि जोडणी जुळताच किणकिणणारा बझर यांची तरतूद करावी. कारण डोळे सर्किटात गुंतलेले असताना आकड्यापेक्षा आवाज उपयोगी पडतो. असे मीटर मिळायला सातासमुद्रापार जायला नको. नाशिकलाही ते बनतात. यावर हौशी गृहस्थ हमखास एक आक्षेप घेतो, आणि तो वरकरणी बिनतोड असतो: "माझं सगळं काम नऊ व्होल्टांवर, मी कशाला भिंतीतल्या विजेच्या वाटेला जातोय?"

यावर उत्तर असे की, आपण जात नाही, वीज घरी चालून येते. मीटर घरात आल्याची वार्ता त्याची पेटी कचऱ्यात पडायच्या आत इमारतीत पसरते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मिक्सर घेऊन येतात: "तुमच्याकडे ते मशीन आलंय म्हणे, जरा बघून द्या, मोठं काही नसेल, कुठंतरी वायर सुटली असेल." पाठोपाठ समोरच्यांचा गीझर, सोसायटीच्या अध्यक्षांचा पाण्याचा पंप आणि गणेशोत्सव मंडळाची झेंडूच्या रंगाची दिव्यांची माळ. ही सगळी मंडळी 230 व्होल्टांची असतात. त्यांना नऊ व्होल्टांचे आमचे तत्त्व मान्य नसते, आणि 'मला यातलं कळत नाही' असे म्हणण्याचा धीर तर नवीन मीटर हाती असलेल्या पुरुषाला आजवर झालेला नाही. म्हणून मल्टीमीटर निवडताना आपला छंद पाहू नये; शेजार पाहावा.